बटणाचं माप

दुकानाची पायरी चढणाऱ्या प्रत्येकाचं माप घ्यायचं, ही आजोबांची जुनी खोड होती. पत्रं वाटणारा माणूस आला, तरी बोलता बोलता आजोबांची टेप त्याच्या खांद्यावरून फिरायची. "मला काही शिवायचं नाहीये हो," असं तो म्हणाला, की आजोबा म्हणायचे, "नसू दे. माप असलेलं बरं." त्यामुळे नातीने झाकणाला भोकं पाडलेला डबा कापायच्या टेबलावर ठेवून आतून दोन कासवं बाहेर काढली, तेव्हा आजोबांनी गळ्यातली टेप काढली याचं घरात कुणालाच नवल वाटलं नाही.

"आधी छाती," म्हणत त्यांनी मोठ्या कासवाभोवती टेप फिरवली. "आता कंबर. अगं, याला कंबरच नाही!"

"आजोबा, जपून. ते चावतं."

"चावू दे. गिऱ्हाइकं काय कमी चावतात?"

दुसऱ्या मशीनवर आई बसली होती. ती पाय न थांबवता म्हणाली, "टाचणे, त्या टेबलावर लोकांचे कपडे कापतो आपण. उचल आधी ते. आणि हात साबणाने धू. अण्णा, तुम्हीसुद्धा. टेपसुद्धा."

टाचणी हे नातीचं घरातलं नाव. अंगाने ती बारीक होती, आणि एखादा प्रश्न तिच्या मनात आला, की उत्तर मिळेपर्यंत समोरच्याला टोचत राहायची.

कासवं तिच्या वर्गावरच्या बाईंची, वर्गातच एका काचेच्या पेटीत ठेवलेली. बाई आता त्यांच्या बहिणीकडे राहायला जाणार होत्या आणि बहिणीकडे एक भलामोठा कुत्रा होता, ज्याला हलणारी कुठलीही वस्तू चेंडू वाटायची. कासवांसाठी बाईंनी टाचणीला निवडलं होतं, पण एका अटीवर. "मोठ्या सुट्टीत सांभाळून दाखव," त्या म्हणाल्या होत्या. "सुट्टी संपली की मी येऊन बघेन. धडधाकट असली तर तुझीच. नाहीतर माझी एक मैत्रीण घ्यायला तयार आहे, पण ती फार लांब राहते."

त्या दिवसापासून टाचणीला झोपेतही कासवं दिसायला लागली होती. तिला ती हवी होती. पाहुणी म्हणून नाही, कायमची.

बाईंनी सांगितलेलं सगळं तिने पाठ केलं होतं, आणि बाबा काचेची मोठी पेटी उचलून आणेपर्यंत तिने ते घरातल्यांनाही पाठ करायला लावलं. पाणी स्वच्छ हवं, कारण कासव ज्यात जेवतं त्यातच पोहतं आणि बाकीचं सगळंही त्यातच उरकतं. पाण्याबाहेर येऊन अंग कोरडं करायला एक सपाट दगड हवा, त्यावर दिवा हवा. रोज थोडा वेळ अंगणात खरं ऊन हवं, कारण काचेतून आलेल्या उन्हाचा त्यांच्या पाठीला उपयोग नसतो. हात लावला, की साबण.

"आणि हे बाईंनी दिलेले कासवांचे दाणे?" बाबांनी विचारलं.

"त्याचं डोकं केवढं आहे, तेवढेच. दिवसातून एकदा. आणि फक्त मी द्यायचे."

"एवढ्याशा डोक्याएवढे?" आजोबा म्हणाले. "माझ्या डोक्याएवढं जेवण मला दिलं, तर मी दुपारी मशीनवर आडवा होईन."

"तुमचं डोकं मोठं आहे, आजोबा."

"हे बाकी खरं," आई म्हणाली आणि तिच्या हातातल्या सदऱ्याकडे बघत तिने कासवांची नावं ठेवून टाकली. गोल, चपटं आणि सारखं पुढेपुढे करणारं ते बटण. बारीक, लाजाळू आणि बघावं तेव्हा आत ओढून बसलेलं ते काज.

पेटी ठेवली इस्त्रीचं टेबल आणि कपड्यांचा दांडा यांच्यामधल्या कोपऱ्यात. या दांड्याचा या घरात एक कायदा होता. उलटा टांगलेला कपडा म्हणजे काम बाकी. सुलटा टांगलेला कपडा म्हणजे काम झालं, आता त्याला कुणी हात लावायचा नाही. हा कायदा झाला एका उंच कारकुनामुळे. त्याच्या विजारीची लांबी चार बोटं कमी करायची होती. सकाळी आजोबांनी ती केली आणि विजार तशीच ठेवून दिली. दुपारी आईने ती पाहिली, तिला वाटलं अण्णा विसरले, तिनेही चार बोटं कमी केली. संध्याकाळी कारकून आरशासमोर उभा राहिला आणि आपल्या उघड्या नडग्यांकडे बघतच राहिला. तेव्हापासून उलट-सुलट हे त्या घरात सगळ्यांच्या हाताला इतकं बसलं होतं, की बाबा स्वतःचे मोजे वाळत घालतानाही विचारायचे, "हे झालेत ना?"

पहिला आठवडा सगळं शिस्तीत चाललं. टाचणी सकाळी दाणे मोजून टाकायची. काज एखादा दाणा चाखायचं, विचार करायचं, मग दुसरा घ्यायचं. बटणाचा कारभार वेगळा होता. समोरून कुणीही गेलं, की ते काचेशी यायचं, मान लांब करायचं आणि पुढचे दोन्ही पाय असे मारायचं, की बघणाऱ्याला वाटावं, या बिचाऱ्याने जन्मात अन्न पाहिलेलं नाही.

"टाचणे, याला भूक लागलीय गं," आजोबा म्हणायचे.

"त्याचं झालंय, आजोबा."

"त्याच्या पोटातलं तुला काय कळणार?"

"मग तुम्हाला कसं कळतं?"

आजोबा गप्प बसायचे. पण कासवाचे डोळे काही गप्प बसत नव्हते.

मग काय झालं, ते घरातल्या कुणीच कुणाला सांगितलं नाही. बाबा बस चालवायचे. दिवसभर रस्त्यावर लोकांचा ओरडा खाऊन घरी यायचे, तेव्हा त्यांच्याकडे धावत येणारं एकच कुणीतरी असायचं, आणि ते काचेमागे असायचं. बाबा इकडेतिकडे बघून चिमूटभर दाणे टाकायचे. आईला वाटायचं, पोरगी शिस्तीच्या नादात जीवाला उपाशी ठेवते. ती भाजी चिरताना गाजराचा किस बाजूला काढायची, वर उकडलेल्या अंड्याचा तुकडा. आजोबांचं तर काय, ते पेटीपासून हाताच्या अंतरावरच बसायचे. आणि आपण एकटेच तेवढे देतो, असं प्रत्येकाला वाटायचं.

सुट्टी निम्मी सरली, आणि एके दिवशी आजोबांच्या हातून मोठी कात्री फरशीवर पडली. खणकन आवाज झाला. काज क्षणात दिसेनासं झालं, नुसती पाठ उरली. बटणानेही घाईघाईने डोकं आत ओढलं. पण डोकं आत गेलं, तसे मागचे दोन्ही पाय बाहेर आले. त्याने पाय आत घेतले, तर डोकं बाहेर आलं. पुन्हा डोकं आत, पाय बाहेर. लहान उशीला मोठा अभ्रा घालावा तसं नाही, अगदी उलट झालं होतं.

आजोबा हसले. मग त्यांचं हसू थांबलं. त्यांनी टेप काढली नाही, नुसत्या नजरेनेच माप घेतलं. पायांच्या फटींतून गुबगुबीत घड्या बाहेर आल्या होत्या.

"टाचणे," ते हळूच म्हणाले, "याला कपडा घट्ट होतोय गं."

टाचणी धावत आली. तिने वाकून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "सूज आलीय याला," ती म्हणाली. "माझं काय चुकलं? मी सगळं बाईंनी सांगितलं तसंच केलं. आता त्या नेणार त्याला."

जनावरांच्या डॉक्टरांकडे खरं तर एका माणसाने गेलं असतं तरी चाललं असतं. पण बाबांनी सुट्टी टाकली, आई मशीनवर झाकण घालून उठली आणि आजोबा तर डबा पोटाशी धरून सगळ्यांच्या पुढेच निघाले. डॉक्टरांनी दारातल्या चौघांकडे पाहिलं.

"यातलं आजारी कोण?"

टाचणीने डबा उघडला. डॉक्टरांनी बटणाला तराजूवर ठेवलं, उलटं करून बघितलं, बोटाने पायाजवळची घडी हलकेच दाबली.

"सूज आहे ना?" टाचणीने विचारलं.

"नाही. चरबी. जेवण जास्त होतंय. खायला कोण घालतं?"

"मी. पण डोक्याएवढेच दाणे. एकदाच."

"एवढ्यावर कासव असं होत नाही," डॉक्टर म्हणाले. "आणखी कुणी काही देतं?"

बाबांनी भिंतीवरचं मांजराचं चित्र बारकाईने बघायला सुरुवात केली.

"मी आपलं…" ते शेवटी म्हणाले, "कामावरून आलो की. चिमूटभर."

"म्हणजे तुम्हीसुद्धा?" आई म्हणाली, आणि आपण काय बोलून बसलो ते तिच्या लक्षात आलं.

"सुद्धा म्हणजे?" बाबांनी विचारलं.

"गाजर हो नुसतं. आणि अंडं. थोडंसं."

सगळे आजोबांकडे वळले.

"मी एक दाणाही दिलेला नाही," आजोबा ताठ मानेने म्हणाले.

"अण्णा?"

"बिस्कीट दिलं."

"आजोबा! कासवाला बिस्कीट?"

"चहात बुडवून नाही दिलं. कोरडंच."

टाचणीने कमरेवर हात ठेवले. तिला खूप काही बोलायचं होतं, पण तिचे कान लाल झाले आणि ती खाली बघायला लागली. "मी पण," ती पुटपुटली. "झोपायला जायच्या आधी एकच दाणा. ते असं बघायचं ना."

डॉक्टरांनी हसू मिशीत दाबलं आणि खुर्ची ओढून टाचणीच्या समोर बसले. "नीट ऐक. तळ्यात राहणाऱ्या कासवाला पुढचं जेवण कधी मिळेल ते माहीत नसतं. म्हणून मिळेल तेव्हा खायचं, एवढंच त्याला येतं. पुरे म्हणणं त्याला येत नाही, ते आपण म्हणायचं. ते काचेशी येतं ते भुकेने नाही. तुम्ही दिसलात की खाऊ पडतो, हे त्याने शिकून घेतलंय. तुम्ही चौघांनी शिकवलंय."

"मग आता?"

"एक दिवस दाणे, डोक्याएवढे. दुसऱ्या दिवशी नुसती कोवळी हिरवी पानं. पाणी खोल ठेव, भरपूर पोहू दे. हळूहळू उतरेल. संकट आलं की घरात शिरून दार लावून घ्यायचं, एवढाच याचा बचाव आहे. सध्या याचं दार लागत नाहीये."

"यात माया सोडलेली असती," आजोबा बटणाच्या पाठीवरून बोट फिरवत खिन्नपणे म्हणाले, "म्हणजे शिवणीत जादा कापड हो, तर उसवून दोन बोटं वाढवून दिलं असतं मी."

परत येताना सगळ्यांनी शपथा घेतल्या. बाबांनी तर बटणाकडे बघणंच सोडलं, ते दुकानातून तोंड भिंतीकडे करून घरात जायचे आणि एकदा इस्त्रीच्या टेबलावर आपटले. पण दोनच दिवसांनी पाण्यावर गाजराचा किस तरंगताना सापडला.

"अगं, मला वाटलं आज तू विसरलीस," आई म्हणाली. "सकाळी घाईत होतीस ना."

"मी नव्हते विसरले!"

"मला कसं कळणार?"

टाचणी चिडून दांड्याखाली जाऊन बसली. डोक्यावर कपडे लोंबत होते, काही उलटे, काही सुलटे. आई म्हणाली होती ते तिच्या डोक्यात फिरत होतं. मला वाटलं तू विसरलीस. हे वाक्य तिने आधी कुठेतरी ऐकलं होतं. मग तिला उंच कारकून आठवला, आणि त्याच्या नडग्या.

"आजोबा," ती ओरडली, "मला एक पिशवी शिवून द्या! मुठीएवढी."

आजोबांनी अस्तराच्या तुकड्यातून पिशवी शिवली, वर नाडी घातली. टाचणीने ती पेटीच्या कडेला टांगली. रात्री ती त्यात दुसऱ्या दिवसाचं जेवण भरायची आणि पिशवी उलटी ठेवायची, शिवणी बाहेर. सकाळी कासवांना घातलं, की पिशवी सुलटी करून पुन्हा तिथेच.

तिने कुणाला काही समजावलं नाही. गरजच नव्हती. दुसऱ्याच दिवशी आजोबा बिस्कीट घेऊन पेटीकडे वळले. बटण आलं, मान लांब केली, पाय मारले. आजोबांचा हात पाण्यावर गेला आणि तिथेच थांबला. समोर सुलटी पिशवी लोंबत होती. बोटं पुढे जायला तयारच होईनात. आयुष्यभर सुलट्या कपड्याला त्यांनी हात लावला नव्हता. शेवटी त्यांनी बिस्कीट स्वतःच्या तोंडात टाकलं.

असं रोज व्हायला लागलं. बाबा यायचे, पिशवी बघायचे आणि बटणाला नुसताच दिवसभराचा हिशोब सांगायचे, कोण आडवा आला, कोण शिव्या देऊन गेला. बटण तेवढ्यासाठीही काचेशी यायचं. आई किस काढायची आणि पिशवी बघून स्वतःच्या ताटात घ्यायची. टाचणीने अंघोळीचा मोठा टब अंगणात उन्हात ठेवला, अर्ध्यावर सावलीची फळी टाकली, आणि बटणाला त्यात पोहायला सोडायला लागली. ते एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायचं, तिथे काहीच खायला नाही हे बघायचं आणि पुन्हा परत यायचं.

एकदा आईने आजोबांना खुर्चीतून उठताना पाहिलं आणि म्हणाली, "अण्णा, बटणाचं उतरतंय, पण ते सगळं तुमच्याकडे आलंय वाटतं. विजारीची शिवण बघा."

"बिस्किटं वाया कशी घालवायची, सूनबाई?"

सुट्टी संपत आली. बटणाचं डोकं आणि पुढचे पाय आता एका वेळी आत जायला लागले होते. मागचा डावा पाय तेवढा अजून बाहेर राहायचा. आणि बाई दुसऱ्या दिवशी यायच्या होत्या.

सकाळी टाचणी दुकानात आली, तर पेटीच्या मागे काळ्या-पांढऱ्या उभ्या रेघांचं कापड लावलेलं होतं. तिने आजोबांकडे पाहिलं.

"उभ्या रेघांत जाडा माणूसही बारीक दिसतो," आजोबा म्हणाले. "ही धंद्यातली गोष्ट आहे. खोटं बोलायचं नाही आपण. नुसतं मागे कापड आहे."

टाचणीने दाणे घातले, पिशवी सुलटी केली, आणि मग स्टुलावर बसून त्या कापडाकडे बघत राहिली. खरंच बारीक दिसत होतं बटण. तिला क्षणभर फार बरं वाटलं. मग नाही वाटलं.

बाई आल्या, तेव्हा आजोबांनी गळ्यातल्या टेपला हातही लावला नाही. आईने मशीन थांबवलं. बाबांना कामावर जायचं होतं, पण अजून त्यांच्या पायात एकच बूट होता.

"वा, दुकानातच का मुक्काम!" बाई पेटीजवळ गेल्या. "आणि हे रेघांचं कापड कशासाठी?"

"बटण बारीक दिसावं म्हणून, आजोबांनी लावलंय," टाचणी म्हणाली. आजोबांनी डोळे मिटले. "बाई, ते जाड झालं होतं. आम्ही सगळ्यांनी चोरून खायला घातलं. मीही. डॉक्टरांकडे नेलं होतं. आता उतरतंय, पण मागचा एक पाय अजून आत जात नाही."

बाईंनी वाकून पाहिलं. बाईंना बघताच बटण असं काही काचेवर आदळलं, की पाणी बाहेर उडालं. मान लांब, पाय फटाफट. बाईंचा चेहरा विरघळला. "ओळखलंस का रे मला? कित्ती दिवसांनी!" त्यांचा हात पर्समध्ये गेला आणि सुकवलेल्या कोळंबीची एक छोटी डबी घेऊन बाहेर आला. हे त्या इतक्या सवयीने करत होत्या, की डबीचं झाकण कधी उघडलं ते त्यांनाही कळलं नसेल.

टाचणीने आईकडे पाहिलं. आई खाली बघत होती. बाबांकडे पाहिलं. बाबा दुसरा बूट शोधत होते. बाईंना अडवायचं, आणि तेही आजच? एक कोळंबी खाल्ली तर काय होईल? बाई खूश होतील, बटण खूश होईल. बाईंची चिमूट पाण्यावर आली.

"बाई, नको," टाचणी म्हणाली. आवाज बारीक आला, म्हणून तिने पुन्हा म्हटलं, "नका घालू. त्याचं आज झालंय. पिशवी सुलटी आहे."

"पण एकच गं. बघ ना कसं करतंय."

"ते सगळ्यांना तसंच करतं. आजोबांना बिस्किटासाठी करतं." टाचणीचे डोळे भरून आले होते, पण हात मात्र तिने पेटीवर आडवा धरला. "तुम्ही त्याला नेलंत तरी चालेल. पण आज नाही द्यायचं."

काज दगडावरून डुबुक करून पाण्यात उतरलं.

बाईंनी हातातली चिमूट डबीत परत टाकली. झाकण लावलं. मग डबीकडे बघत राहिल्या. "वर्गात रोज मधल्या सुट्टीत द्यायचे मी," त्या म्हणाल्या. "तुम्हा मुलांना सांगायचे, डोक्याएवढंच, एकदाच. आणि तुम्ही खेळायला गेलात, की ही डबी काढायचे." आणि त्या हसायला लागल्या, आधी ओशाळून, मग मोठ्याने. "मला वाटत होतं, ते मला ओळखून येतं."

"येतं की, बाई," बाबा एका बुटावर उभे राहून म्हणाले. "आता काही मिळत नाही, तरी माझ्याकडे येतं."

बाईंनी डबी पर्समध्ये ठेवली नाही. ती टाचणीच्या हातात दिली. "ही तू ठेव. कधी द्यायची ते तूच ठरव. पेटीचं झाकण आणि एक जादा दिवा माझ्याकडे राहिलेत, ते उद्या पाठवते. त्यांना लागतील."

टाचणीला त्याचा अर्थ कळायला थोडा वेळ लागला. आजोबांना लगेच कळला. ते इतक्या झटक्याने उठले, की मांडीवरची कात्री खणकन फरशीवर पडली. काज गायब झालं. बटणाने डोकं ओढलं, पुढचे पाय ओढले, मागचा उजवा ओढला. डावा पाय थोडा वेळ बाहेर चाचपडत राहिला, मग तोही जवळजवळ गेला. एक नख राहिलं.

"नखाचं मी धरत नाही," बाई म्हणाल्या.

"एवढं ट्रायलला चालतं," आजोबा म्हणाले आणि टेप गळ्यातून काढत पुढे झाले. "बाई, आता निघण्याआधी जरा सरळ उभ्या राहा."

"अहो, पण मला काही शिवायचं नाहीये!"

टाचणीने स्टुलावर चढून डबी फडताळात सर्वांत वर, आजोबांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवली, आणि साबणाकडे गेली.